बालमनाचे विश्वमित्र : साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड येथे झाला. दारिद्र्याशी झगडत त्यांनी एम. ए. पर्यंतचे शिक्षण पूर्ण केले आणि 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक स्वहस्ते लिहून काढीत.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तिरुचिरापल्लीच्या कारागृहात दक्षिणेचे बंदिवान त्यांना भेटले. आपल्याच देशबांधवांची भाषा आपणास कळू नये, हे शल्य त्यांच्या मनात कायमचे रुतले. पुढे तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले.

1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. परंतु मुलांना केवळ आपल्याच घरची कथा सांगून ते थांबले नाहीत. ‘गोड गोष्टी’ या मालेत जॉर्ज इलियटचा एकाकी विणकर ‘मनूबाबा’ होऊन आला, तर इराणी कथेतील दुर्दैवी पितापुत्र ‘सोराब नि रुस्तुम’मधून भेटले. परदेशातील दुःखही मराठी मुलांना आपलेच वाटू लागले.

1949 च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांतोप्रांतीच्या भाषा शिकवणारी संस्था उभी राहावी, हा त्यांचा ध्यास होता. तो पुरा होण्याआधीच, 11 जून 1950 रोजी, त्यांची जीवनयात्रा संपली. जयपूरसारख्या नगरीत घरी मराठी आणि अंगणात हिंदी-राजस्थानी बोलणारी मुले मात्र तो ध्यास आजही नकळत जगत आहेत.