गाडीवरचं रेडियम गोल कापलं जातं, त्यामागे रेनोच्या या इंजिनियरचं डोकं आहे

गाडीवर लोगो टाकायला रेडियमवाल्याकडे जा आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवा. तो म्हणणार, हे जेपीजी आहे, कोरलची फाईल आणा. नाहीतर ट्रेस करायचे वेगळे पैसे पडतील.

आपल्याला वाटतं, गडी उगाच पैसे काढतोय. तसं नाहीये.

जेपीजी म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाटी. कटिंग मशीनच्या पात्याला ठिपके कळत नाहीत. कुठे टेकायचं, कुठून कुठे फिरायचं आणि कधी उचलायचं, एवढंच त्याला कळतं. म्हणून ट्रेस करताना काळ्या-पांढऱ्याची हद्द शोधून तिच्यावर रेषा बसवावी लागते. सरळ रेषेला दोन बिंदू पुरतात. पण गणपतीची सोंड मशीनला कशी सांगायची?

ती ज्यांच्या नावाच्या वक्राने सांगतात, ते पिएर बेझिए. आपल्याकडे डीटीपीवाले बेझियर म्हणतात.

बेझिए यांचा जन्म १ सप्टेंबर १९१० चा, पॅरिसचा. वडील इंजिनियर, आजोबाही इंजिनियर. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल अशी दोन्ही शिक्षणं घेऊन १९३३ मध्ये ते रेनोत लागले आणि १९७५ पर्यंत तिथेच राहिले. त्यांचं काम गाड्या रंगवायचं नव्हतं, गाड्या बनवणारी यंत्रं बनवायचं होतं. महायुद्धानंतर रेनोची ४सीव्ही ही छोटी कार खूप खपली, तिचे बरेचसे सुटे भाग ज्या मशीन लाईनवर बनायचे, ती त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली होती.

तेव्हा नव्या गाडीचा आकार आधी मातीत घडवायचे. मग त्यावरून कागदावर ड्रॉइंग, ड्रॉइंगवरून लाकडी किंवा प्लास्टरचा नमुना आणि त्यावरून पत्रा दाबायचे साचे. प्रत्येक टप्प्यावर आकार केसभर सरकायचा. शेवटी दोन पत्रे जुळले नाहीत की भांडण सुरू, खरा आकार नक्की कोणता?

१९६० च्या सुमारास बेझिए यांनी ठरवलं की खरा आकार आकड्यांतच असला पाहिजे. तेच आकडे ड्रॉइंग काढणाऱ्या मशीनला द्यायचे आणि तेच कापणाऱ्या मशीनला. पण त्यात एक अडचण होती. आकार ठरवणारे कारागीर गणिती नव्हते, त्यांना हाताने ओढता येईल असं काहीतरी हवं होतं.

त्यातून जे आलं ते आज आपण कोरलमध्ये वापरतो. वक्राला चार बिंदू द्यायचे. दोन टोकांना, दोन बाहेर. बाहेरचे बिंदू ओढले की रेष त्यांच्याकडे झुकते, पण सहसा त्यांना शिवत नाही. अशा चार तुकड्यांत नजरेला पूर्ण वाटेल असा गोल बसतो. (ऑटो ट्रेसने धूसर फोटोवर शेकडो नोड पडतात आणि पातं थरथरत कापतं, ते याच्या अगदी उलट. हाताने ट्रेस करणाऱ्याचे पैसे त्याचेच आहेत.)

कंपनीत मात्र फारसा कुणाचा विश्वास नव्हता. हे जमण्यासारखं असतं तर अमेरिकेने आधीच केलं नसतं का, असंही त्यांना ऐकवलं गेलं. तरी १९६८ पर्यंत त्यांची युनिसर्फ ही सिस्टीम कामाला लागली होती.

आता यातली खरी मेख. १९५९ मध्येच सिट्रोएन या दुसऱ्या फ्रेंच कार कंपनीत पॉल द कास्तेल्जो या तरुण गणितज्ञाने याच वक्राचं गणित मांडलं होतं. पण सिट्रोएनने ते गुपित म्हणून कपाटात ठेवलं. बेझिए यांनी आपलं काम छापलं, जगाला सांगितलं, आणि नाव त्यांचं झालं. चोरी नव्हती, दोघांचे रस्ते वेगळे होते. पण कास्तेल्जोंवर अन्याय झालाच, आणि तो त्यांच्याच कंपनीने केला.

रेनो सोडल्यावर, १९७७ मध्ये, म्हणजे पासष्टी उलटल्यावर बेझिए यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. १९८४ मध्ये ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने अक्षरांच्या कडा याच वक्राने लिहिल्या आणि कारखान्यातली ही रेष छापखान्यात आली. त्यामुळे आज ती स्क्रीनवरची वाटते, पण तिचा जन्म कापणाऱ्या मशीनसाठीच झाला होता.

२५ नोव्हेंबर १९९९ ला बेझिए गेले. कोरलच्या टूलबॉक्समध्ये त्यांच्या नावाचं टूल आहे. कास्तेल्जोंच्या नावाचं नाही, त्यांचं नाव गणिताच्या पुस्तकांत सापडतं.