केळूसकर गुरुजी : बाबासाहेबांच्या हाती बुद्ध देणारा माणूस

बाबासाहेबांच्या घडणीतला पहिला मोठा दुवा कोणता, असे विचारले तर बहुतेक जण बडोद्याची शिष्यवृत्ती सांगतात. पण त्या शिष्यवृत्तीपर्यंत बाबासाहेबांना कोणी नेले, हे नाव आपल्या सभांमध्ये फारसे ऐकू येत नाही. ते नाव आहे कृष्णराव अर्जुन केळूसकर, म्हणजेच केळूसकर गुरुजी.

गुरुजींचा जन्म १८६० साली वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा. जातीने मराठा, पेशाने शिक्षक. मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये ते शिकवत. नोकरी सांभाळून त्यांनी तुकाराम महाराजांचे, छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि १८९८ साली गौतम बुद्धाचे मराठी चरित्र लिहिले.

शाळा सुटल्यावर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथे एक मुलगा रोज एकटाच पुस्तक वाचत बसलेला त्यांना दिसे. एके दिवशी त्यांनी चौकशी केली. तो परळच्या चाळीत राहणारा सुभेदार रामजींचा भीमराव होता. जात समजल्यावर गुरुजी दूर सरले नाहीत. ते त्याला पुस्तके देऊ लागले, काय वाचावे हे सांगू लागले. रामजींशीही त्यांचा स्नेह जमला.

पुढे भीमरावाच्या परीक्षेतील यशाबद्दल वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा ठरवली. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी साफ नकार दिला. तेव्हा लोक गुरुजींकडे गेले. गुरुजींनी रामजींची समजूत घातली आणि सभा झाली. ही सभा इंग्रजी चौथीच्या यशाची होती, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. धनंजय कीरांच्या चरित्रात ती १९०७ च्या मॅट्रिकनंतरची असून अध्यक्ष सी. के. बोले होते. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच आहे. त्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावाच्या हाती ठेवले.

इंटरनंतर रामजींची ओढाताण इतकी वाढली की शिक्षण थांबण्याची वेळ आली. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू, असे सयाजीराव महाराजांनी मुंबईत जाहीर केले होते. गुरुजींनी ते लक्षात ठेवले होते. ते भीमरावाला घेऊन महाराजांच्या भेटीला गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बी.ए. पूर्ण झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्याच मदतीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा इतक्या शिकलेल्या माणसाला राहायला घर मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना हुसकावून लावण्यात आले. कीरांनी नोंदवले आहे की गुरुजींनी तेव्हाही धडपड केली. बडोद्यातील एका प्राध्यापक मित्राने बाबासाहेबांना घरी ठेवून घ्यायचे कबूल केले. पण ते बडोद्यात उतरताच त्या मित्राची चिठ्ठी हाती आली. घरच्यांचा विरोध होता. गुरुजींची ओळख त्या घराच्या उंबरठ्यावर येऊन थांबली.

मित्रांनो, या प्रसंगातून आपण शिकायचे आहे. भल्या माणसाची ओळख एका विद्यार्थ्याची फी भरू शकते, पण जातीची भिंत पाडायला तेवढी पुरत नाही. त्यासाठी संघटना लागते. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली ती त्यासाठीच. त्या आधी, १९२३ मध्ये, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात बोल्यांनीच मांडला होता. १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे पोहोचली ती त्याच ठरावाचा आधार घेऊन. जुन्या ओळखीला संघटनेची जोड मिळाली, तेव्हा इतिहास घडला.

गुरुजी १४ ऑक्टोबर १९३४ रोजी गेले. बरोबर २२ वर्षांनी त्याच तारखेला बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह बुद्धाला शरण जाऊन धम्म स्वीकारला. तारखांचा हा योगायोग आहे. मात्र लहानपणी हाती आलेल्या त्या पुस्तकाचा धागा योगायोगाचा नाही, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे.

आज आपल्यातले अनेक जण शिकून नोकरीला लागले आहेत. आपल्या फोनमध्ये शेकडो नंबर आहेत. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एखादे पोर एकटेच वाचत बसलेले असेल. त्याला कोणता फॉर्म भरायचा, कोणाला भेटायचे हे ठाऊक नसेल. त्याच्याजवळ जाऊन आधी त्याचे नाव विचारा. मग त्याच्यासाठी एक फोन करा. आणि पुढच्या वर्षी तो फोन करायची वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून वस्तीत चार जणांची समिती उभी करा.

जय भीम! नमो बुद्धाय!