देवळालीचे ‘गणितानंद’ कापरेकर मास्तर

बडनेऱ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी अकोला, भुसावळ, मनमाड मागे टाकून नाशिकरोड सोडते, तोच देवळालीचे स्थानक लागते. लष्करी छावणीचे हे गाव जगभरातील गणितप्रेमींना ठाऊक झाले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांमुळे. ना विद्यापीठाचे अध्यापकपद, ना संशोधन संस्थेचे पाठबळ. तरीही आकड्यांतील जे सौंदर्य त्यांना दिसले, ते त्यांनी आयुष्यभर मुक्तहस्ते वाटले.

कापरेकरांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणू येथे झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. कारकून असलेल्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. त्या आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. 1929 मध्ये पदवी संपादन केल्यावर 1930 पासून त्यांनी देवळालीच्या शाळेत अध्यापन सुरू केले आणि 1962 मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच सेवा केली.

वर्गातील तास संपला तरी मास्तरांचे गणित संपत नसे. सायकलवर टांग मारून ते गावोगावी व्याख्यानांना जात. आपली टिपणे पुस्तिकारूपाने स्वतः छापून घेत. विद्वत्परिषदांतही ते आपले शोध मांडत. मद्रास येथील 1949 च्या गणित परिषदेत त्यांनी 6174 या संख्येची किमया उलगडून दाखविली.

ही किमया प्राथमिक शाळेतील मुलालाही करता येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्यातील अंक उतरत्या क्रमाने मांडून जी संख्या होते, तीतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उत्तरात शून्य आले तर तेही अंक म्हणून धरावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 हाती येतेच. 3524 ही संख्या घेतल्यास 3087, 8352 आणि 6174 अशी तीनच पायऱ्यांत मजल गाठली जाते. कापरेकरांचे जन्मवर्ष असलेले 1905 मात्र पूर्ण सात पायऱ्या घेते.

यातील अध्यापनाचे मर्म गणिताच्या शिक्षकांना सहज उमजेल. हातचा घेऊन करावयाच्या वजाबाकीचा भरपूर सराव होतो आणि तो कंटाळवाणा वाटत नाही. प्रत्येक पायरीवरील उत्तराला 9 ने नि:शेष भाग जातो. न गेल्यास चूक झाली हे विद्यार्थ्याला स्वतःच कळते. त्यासाठी साहित्य म्हणून खडू आणि फळा पुरेसा आहे. अमरावती शहरातील मोठी शाळा असो वा मेळघाटातील एकशिक्षकी शाळा, हा पाठ कोठेही घेता येतो.

कापरेकरांच्या पोतडीत असे बरेच काही होते. 45 चा वर्ग 2025. त्याचे 20 आणि 25 असे दोन भाग करून बेरीज केल्यास पुन्हा 45 मिळतात. अशा संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ असे नाव दिले. डेम्लो संख्यांना तर जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावरून नाव मिळाले. ही कल्पना त्यांना तेथेच सुचली होती.

मात्र देशातील अनेक गणितज्ञांनी प्रारंभी या कामाकडे आकड्यांचा खेळ म्हणून पाहिले. 1975 च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर हे नाव सातासमुद्रापार पोहोचले. त्या वेळी मास्तरांनी सत्तरी गाठली होती. 1966 मध्ये पत्नीचे निधन झाले होते. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने चरितार्थासाठी त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. तरीही संख्यांवरील त्यांचे प्रेम आटले नाही. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले.

शाळेचा शिक्षक हा केवळ पाठ्यपुस्तकाचा वाहक नसतो, त्यालाही नवे काही सुचू शकते, हे कापरेकरांनी सिद्ध केले. सुचलेले त्यांनी स्वतःपाशी ठेवले असते तर ते देवळालीच्या एका वर्गातच विरून गेले असते. पदरमोड करून त्यांनी ते इतरांपर्यंत पोहोचविले, म्हणूनच आज कोणत्याही गावातला शिक्षक फळ्यावर चार अंक लिहून तोच आनंद आपल्या मुलांना देऊ शकतो.