ट्रॉयचा शोधक हाइनरिश श्लीमन

होमरच्या 'इलियड'मधील ट्रॉय नगरी ही निव्वळ कविकल्पना होय, असे एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वान मानत होते. त्या नगरीच्या शोधात आपले धन आणि उत्तरायुष्य वेचणारा हाइनरिश श्लीमन मात्र विद्यापीठातला पंडित नव्हता. तो व्यापारी होता.

६ जानेवारी १८२२ रोजी उत्तर जर्मनीतील नॉयबुको येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी त्याचा जन्म झाला. घरच्या विपन्नतेमुळे शिक्षण अर्धवट सोडून त्याला वाणसामानाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. पुढे ॲम्स्टरडॅमच्या एका पेढीत कारकुनी करताना त्याने एकामागून एक भाषा आत्मसात केल्या. १८४६ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि निळीच्या व्यापारात धनाढ्य झाला. चाळिशी उलटल्यावर व्यापार आवरून त्याने जगप्रवास केला. त्यात हिंदुस्थानही होता.

१८६८ मध्ये तो आजच्या तुर्कस्तानातील हिसारलिकच्या टेकडीपाशी पोहोचला. ट्रॉय येथेच असावे, हे त्याला पटवून दिले फ्रँक कॅल्व्हर्टने. या टेकडीचा काही भाग कॅल्व्हर्टच्याच मालकीचा होता व त्याने तेथे आधी खोदकामही केले होते. श्रेय मात्र श्लीमनच्या पदरी पडले.

१८७१ पासून रीतसर उत्खनन सुरू झाले. होमरचे ट्रॉय तळाशीच असणार, या समजुतीने श्लीमनने टेकडीतून प्रचंड चर खणला. १८७३ मध्ये सोन्याचा ठेवा सापडताच तो राजा प्रायमचा असल्याचे जाहीर करून त्याने तो गुपचूप देशाबाहेर नेला. ऑटोमन सरकारने दावा लावला, तेव्हा त्याला भरपाई द्यावी लागली.

टेकडीत एकावर एक नऊ नगरांचे थर होते. ठेवा निघाला तो दुसऱ्या थरातून, म्हणजे ट्रोजन युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजारावर वर्षे जुना! त्या युद्धाच्या काळाशी जुळणाऱ्या वरच्या थरांचे बरेच अवशेष चर खणतानाच नष्ट झाले होते. जे शोधायचे, तेच हातून मोडले गेले.

१८७६ मध्ये ग्रीसमधील मायसिनीच्या गडावर त्याला सुवर्णमुखवट्यांसह राजकबरी सापडल्या. १८८२ पासून वास्तुविशारद विल्हेल्म डॉर्पफेल्डच्या साहाय्याने ट्रॉयचे उत्खनन अधिक शिस्तीने होऊ लागले. २६ डिसेंबर १८९० रोजी नेपल्स येथे श्लीमनचे निधन झाले. त्यानंतर डॉर्पफेल्डने सहाव्या नगराची भक्कम तटबंदी उजेडात आणली.

बर्लिनला दिलेला तो ठेवा १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेला. हिसारलिकवर आज येणाऱ्या प्रवाशाला तटबंदीबरोबरच श्लीमनचा चरही दाखवतात.