ग्रंथाकडून गवयाकडे

विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव निघाले की दहा थाट, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा एवढेच बहुतेकांना आठवते. गाण्याला चौकटीत कोंडणारा रुक्ष पंडित, ही त्यांची रूढ प्रतिमा होय. परंतु त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर ती जेमतेम अर्धीच खरी ठरते. गवयाची खरी किंमत या माणसाला कळली ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही ग्रंथांच्याच वाटेने.

1860 साली गोकुळाष्टमीला मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेल्या भातखंड्यांना गाण्याचा नाद लहानपणापासूनच होता. ते सतार शिकले. 1884 साली पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल होऊन तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडे ध्रुपदाचे धडे घेऊ लागले. पण 1887 साली वकिलीची परीक्षा दिलेल्या या गृहस्थाचा कान पुरावा मागणारा होता. अमुक राग असाच का, या प्रश्नाला आमच्या वाडवडिलांनी असाच शिकवला, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटेना. अक्षरशत्रू उस्तादांविषयीची आपली नाराजी त्यांनी प्रवासाच्या रोजनिशीत लपवलेली नाही; ती वाचताना कित्येकदा त्यांच्या कठोरपणाचे वाईट वाटते.

1900 साली पत्नी आणि 1903 साली एकुलती कन्या निवर्तली. घर रिकामे झाले. 1904 साली ते दक्षिणेत गेले, ते जुन्या पोथ्यांच्या शोधात. तेथे व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची पद्धत त्यांच्या हाती लागली. पण त्याबरोबर एक अडचणीचे सत्यही समोर आले. जुन्या ग्रंथांतले राग आणि उत्तरेत प्रत्यक्ष गायले जाणारे राग यांचा मेळ बसत नव्हता. अशा वेळी पंडित सहसा गवयालाच चुकीचा ठरवून मोकळा होतो. भातखंड्यांनी तसे केले नाही. त्यानंतर काही वर्षांनी लिहिलेल्या संस्कृत ग्रंथाला त्यांनी नाव दिले ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. लक्ष्य म्हणजे प्रचारात असलेले, कंठातून ऐकू येणारे गाणे. प्रमाण ठरला तो गवई. (हा ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने लिहिला आणि पुढे आपल्याच मराठी ग्रंथात त्याचा आधार एखाद्या परक्या आचार्याचा द्यावा तसा दिला. हा लपंडाव कोणाला खटकला तर नवल नाही.)

एकदा गवई प्रमाण ठरल्यावर त्याच्या दारी जाणे ओघानेच आले. वकिली सोडलेले भातखंडे जयपूरच्या मुहम्मद अली खाँच्या घराण्यातील चिजा मिळवू लागले. रामपूरला नवाबांच्या आश्रयास असलेल्या वझीर खाँसमोर शिष्य म्हणून बसले. उतारवयात केस पिकलेल्या विद्वानाने असे विद्यार्थी होणे सोपे नव्हते. तितकेच कठीण होते उस्तादांचे देणे. घराण्याची चीज ही त्यांची इस्टेट होती, मुलाबाळांची भाकरी होती. ती छापून बाजारात येणार, या कल्पनेने ते कचरले तर त्यांना कोत्या मनाचे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट उस्तादाबरोबर चीजही कबरीत जाते, हे भातखंड्यांचे भयही खोटे नव्हते. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा आल्या. त्यांपैकी प्रत्येकीमागे कोणाचा तरी कंठ आहे, हे पुस्तक उघडणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही.

1916 साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यांनी शास्त्री आणि गवई यांना एकाच मंडपात बसवले. पण त्यांच्या मनातील पालटाचा सर्वांत बोलका पुरावा परिषदेत नाही. श्रीकृष्ण रातंजनकर हा त्यांचा लाडका शिष्य. स्वरलिपीत उतरवलेल्या शेकडो चिजा गुरूच्या कपाटात तयार असताना त्याला तालीम घेण्यासाठी पाठवले ते बडोद्यास फैयाज खाँकडे. जे कागदावर उतरत नाही, ते कोठे मिळते, हे भातखंड्यांना आता ठाऊक होते.

1926 साली लखनौला मॅरिस म्युझिक कॉलेज सुरू झाले. 1933 साली भातखंड्यांना पक्षाघात झाला, आणि 1936 साली गणेशचतुर्थीच्या दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी लखनौच्या कॉलेजात प्राचार्यांच्या खुर्चीवर होते ते फैयाज खाँसमोर तंबोरा घेऊन बसलेले रातंजनकर.