दादोबा पांडुरंग तर्खडकर

दादोबा पांडुरंग तर्खडकर (जन्म : मुंबई, ९ मे १८१४; मृत्यू : मुंबई, १७ ऑक्टोबर १८८२) हे मराठी व्याकरणकार, शिक्षक, ग्रंथकार व धर्मसुधारक होते. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. या ग्रंथामुळे त्यांना पुढे मराठी भाषेचे पाणिनी म्हटले जाऊ लागले. मराठी शाळांतून व्याकरण हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जाऊ लागला, त्यामागे या ग्रंथाचा आणि शिक्षक घडवण्याच्या त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. सुरतेतील मानवधर्म सभा आणि मुंबईतील परमहंस सभा या दोन्ही संस्थांच्या स्थापनेत ते प्रमुख होते.

कुटुंब व बालपण

तर्खडकरांचे मूळ गाव वसईजवळचे तर्खड. आडनावही त्यावरूनच आले. घराणे वैश्य ज्ञातीचे. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे यशोदा. धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या आर्थिक धोरणावर कठोर टीका केली. त्यांचे निधन तरुणपणीच झाले. दुसरे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक. आत्मारामांच्या मुंबईतील घरी १८७८ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी सुधारण्यासाठी राहिले होते आणि आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिने त्यांना त्या भाषेचे धडे दिले होते. भाषा शिकवणे हे या घराण्याच्या जणू अंगातच होते.

दादोबांच्या लहानपणी मुंबईत शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. धुळाक्षरे, मोडीचे वळण, पावकी-निमकीची पाठांतरे, हिशेब आणि पत्रांचे मायने यांवर मुलगा चरितार्थापुरता तयार होत असे. मराठी ही शिकण्याची भाषा होती. पण मराठी हा शिकण्याचा विषय नव्हता. भाषेचे नियम शिकायचे तर संस्कृताचे शिकावेत, मराठी काय, ती आईकडून येतेच, अशी समजूत शास्त्री-पंडितांत होती आणि व्यवहारी लोकांतही होती. दादोबांच्या आयुष्यातील मुख्य काम या समजुतीविरुद्धचे आहे.

पुढे ते बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकले. १८२० नंतरच्या दशकात या संस्थेने मुंबई इलाख्यात देशी भाषांतून शालेय पुस्तके तयार करवून घेण्याचे काम हाती घेतले होते. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणाचा तिला आधार होता. तेथेच कॅप्टन मोल्सवर्थ, कँडी बंधू व त्यांच्या हाताखालचे पंडित यांच्या परिश्रमांतून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापून बाहेर पडला. कोश झाला, पाठ्यपुस्तके होऊ लागली. शाळेत चालेल असे व्याकरण मात्र अजून मराठी माणसाच्या हातून छापून बाहेर आलेले नव्हते.

१८३६ चे व्याकरण

मराठीचे व्याकरण लिहिण्याचा प्रयत्न दादोबांपूर्वी झालाच नव्हता, असे नाही. विल्यम कॅरी यांचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले. ते इंग्रजीत होते आणि इंग्रजांसाठी होते. सोसायटीच्या पंडितांनी मराठीत एक व्याकरण रचले होते, पण ते हस्तलिखितातच राहिले व शतकाहून अधिक काळानंतर अ. का. प्रियोळकर यांनी ते प्रसिद्ध केले. दादोबांच्याच वर्षी, म्हणजे १८३६ साली, गंगाधरशास्त्री फडके यांचेही व्याकरण आले आणि बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलांसाठी 'बालव्याकरण' लिहिले. एकाच वर्षी तीन व्याकरणे निघावीत, यावरून शाळांची निकड कळते.

टिकले ते दादोबांचे, आणि त्याचे कारण त्याच्या मांडणीत आहे. त्यांच्यासमोर दोन नमुने होते. एक संस्कृत व्याकरणाचा. दुसरा त्या काळी इंग्रजी शाळांत सर्वत्र चालणाऱ्या लिंडली मरे यांच्या व्याकरणाचा. संस्कृतातून त्यांनी विभक्ती, समास, संधी व प्रयोग यांची परिभाषा घेतली. इंग्रजीतून शब्दांचे आठ जातींत वर्गीकरण घेतले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये अशी जी घोकंपट्टी महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाने केलेली असते, ती रूढ होण्यास मुख्यतः हाच ग्रंथ कारण झाला.

ही दोन्ही मापे मराठीच्या अंगाला नीट बसत नाहीत, हे दादोबांच्या लवकरच लक्षात आले असावे. 'घोडा' या शब्दाला प्रत्यय लागताना 'घोड्या' असे रूप होते आणि मग 'ला', 'ने', 'चा' त्याला चिकटतात. संस्कृतात असे मधले सामान्यरूप नाही. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' या दोन वाक्यांत बोलणारा एकच आहे. तरी क्रियापद बदलते, कारण ते खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे चालते. इंग्रजी व्याकरणात याला जागाच नाही. मराठी मूल हे न शिकता बिनचूक बोलते, आणि परक्याला ते वर्षभर शिकूनही साधत नाही. अशा ठिकाणी नियम शोधायचा तर लोकांच्या बोलण्याकडेच कान द्यावा लागतो.

त्यामुळे पहिली आवृत्ती त्यांनी शेवटची मानली नाही. १८५० च्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथ मोठ्या प्रमाणात नव्याने लिहिला गेला व पुढील आवृत्त्यांतही सुधारणा होत राहिल्या. शाळांसाठी संक्षिप्त असे 'लघुव्याकरण' १८६५ साली निघाले, आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, त्यांनी मोठ्या व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध केली. बावीसाव्या वर्षी हाती घेतलेले पुस्तक सदुसष्टाव्या वर्षीही ते दुरुस्त करीत होते.

या ग्रंथावर टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठी व्याकरणावरील आपल्या निबंधांत दादोबांच्या अनेक व्याख्या व वर्गीकरणे तपासून त्यांतील उणिवा दाखवल्या. पुढे मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) लिहून पूर्वीच्या सर्व मतांचा परामर्श घेतला. शास्त्र म्हणून पाहिले तर दामल्यांचा ग्रंथ अधिक खोल आहे, यात शंका नाही. परंतु चिपळूणकर आणि दामले यांना वाद घालण्यासाठी जी परिभाषा हाताशी मिळाली, ती बहुतांशी दादोबांनी रुळवलेली होती.

जावरा, सुरत व नॉर्मल स्कूल

शिक्षण संपल्यावर दादोबांनी काही काळ माळव्यातील जावरा संस्थानाच्या नवाबांकडे शिक्षक म्हणून नोकरी केली. नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आणि पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत ते शिकवत होते. सुरतेत गुजराती शाळेचे शिक्षक दुर्गाराम मेहताजी यांच्याशी त्यांचा स्नेह जमला आणि २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभेची स्थापना झाली. जातिभेद, मूर्तिपूजा, भूत-मंत्रांवरील विश्वास यांवर सभेत उघड चर्चा होत. एक मराठी आणि एक गुजराती शिक्षक मिळून असे काम करू शकले, याला कारण शाळाखाते हेच होते. एरवी त्या दोघांची गाठ पडण्याचा संभव फारसा नव्हता.

१८४६ साली बाळशास्त्री जांभेकर यांचे अकाली निधन झाले. सरकारी मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या मुंबईतील नॉर्मल क्लासचे काम त्यांच्याकडे होते. ते दादोबांकडे आले. चरित्रकार या पर्वावरून सहसा भरभर पुढे जातात, पण भाषाशिक्षणाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत महत्त्वाचा काळ आहे. पुस्तक लिहिणारा माणूसच ते शिकवणारे शिक्षक घडवू लागला. खेड्यातील शाळेवर जाणारा शिक्षक पंतोजीसारखा केवळ पाठांतर घेणारा न राहता बाळबोध लिपी, शुद्ध लेखन, भूगोल व व्याकरण शिकवणारा असावा, अशी अपेक्षा येथून सुरू झाली. इंग्रजी न येणाऱ्या, पण मराठी नीट शिकलेल्या तरुणाला सरकारी पगाराची नोकरी मिळू शकते, ही गोष्टही त्या काळात नवी होती. मराठीच्या अभ्यासाला पोटाचा आधार मिळाला तो असा.

हे सर्व चालू असताना वरच्या पातळीवर भाषेचा झगडा सुरू होता. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीतून, थोड्यांना पण उच्च शिक्षण देण्याकडे होता. कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे याच्या उलट होते : लोकांना शहाणे करायचे तर त्यांच्याच भाषेतून करावे. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही देशी सभासद जर्व्हिस यांच्या बाजूचे होते. तरीही उच्च शिक्षणाचे पारडे इंग्रजीकडेच झुकले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा परीक्षांत देशी भाषांना थोडी जागा होती. पुढील दशकात तीही गेली आणि अभिजात भाषांना प्राधान्य मिळाले. मराठीला विद्यापीठात पुन्हा प्रवेश मिळावा यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना शतकाच्या अखेरपर्यंत झगडावे लागले.

या काळात विद्यापीठाबाहेरची जागा तरुणांच्या सभांनी भरून काढली. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली काढलेल्या साहित्य व शास्त्रविषयक संस्थेची मराठी शाखा, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, हिचे दादोबा अध्यक्ष होते. शास्त्रीय विषयांवरील निबंध मराठीतून वाचणे हा सभेचा उपक्रम; त्यातूनच १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले. त्याच मूळ संस्थेच्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळाही सुरू केल्या.

परमहंस सभा आणि सरकारी नोकरी

१८४९ साली मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा गुप्त होती. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय. सभासदाला प्रवेशाच्या वेळी परधर्मीयाच्या हातचे अन्नपाणी घ्यावे लागे. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष, तर विचारांचा पाया दादोबांच्या 'धर्मविवेचन' या लेखनाचा होता. हे लेखन १८४३ चे. ते छापले गेले १८६८ मध्ये, आणि तेही लेखकाचे नाव न घालता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे फुटण्याची भीती निर्माण झाली आणि सभा विसर्जित झाली. व्याकरणावर आपले नाव अभिमानाने छापणाऱ्या लेखकाने धर्मावरील पुस्तकावर ते घातले नाही, यावरून त्या काळात सुधारकांना कोणत्या गोष्टीची किंमत मोजावी लागत असे ते दिसते.

१८५२ साली दादोबा शिक्षण खाते सोडून डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरला गेले. तेथील भिल्लांच्या बंडाच्या वेळी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. त्यांच्या चरित्रातील हा भाग आजच्या वाचकाला अवघड वाटतो, आणि तो तसा वाटावाही.

इतर ग्रंथांत विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे 'विधवाश्रुमार्जन' (१८५७) आणि मोरोपंतांच्या 'केकावली'वरील 'यशोदापांडुरंगी' (१८६५) ही टीका उल्लेखनीय आहेत. टीकेच्या नावात आई-वडील दोघांचीही नावे आहेत. त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले, अ. का. प्रियोळकर यांनी ते १९४७ साली संपादित करून प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईच्या जीवनाची माहिती देणारे ते महत्त्वाचे साधन आहे.

व्याकरणाबाहेरची मराठी

दादोबांच्या व्याकरणाने शिकलेल्या शहरी वर्गाचे बोलणे प्रमाण धरले. शालेय पुस्तकांसाठी एक रूप ठरवणे भागच होते, आणि ते ठरवल्यावाचून इलाखाभर एकच क्रमिक पुस्तक चालले नसते. पण एक रूप प्रमाण ठरले की उरलेली आपोआप अशुद्ध ठरतात.

याचे उदाहरण मुंबईपासून फार दूर शोधावे लागत नाही. कर्जत तालुका दादोबांच्या हयातीत ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आला. या तालुक्यातील पोशीर आणि त्याच नावाच्या नदीच्या खोऱ्यातील परिसरात मराठीच्या शेजारी आगरी, ठाकरी आणि कातकरी बोली नांदतात. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) ठाकरी व कातकरी बोलींची नोंद आहे. त्याआधी सत्तर वर्षे शाळेत व्याकरण शिकवले जात होते, पण या बोलींना त्यात स्थान नव्हते. कातकरी समाजाची गणना आज महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींत होते. वाडीवरचे मूल पहिलीत येते तेव्हा 'अशुद्ध' या शेऱ्याशी त्याची ओळख अक्षरांइतकीच लवकर होते. दोष एकट्या दादोबांचा नाही. ज्या पंडितांनी मराठीलाच संस्कृताचा अपभ्रंश मानून व्याकरण नाकारले, त्यांच्याशी भांडून त्यांनी मराठीला नियम असतात हे सिद्ध केले. तोच युक्तिवाद कातकरीलाही लागू पडतो, इतकेच.

अलीकडच्या धोरणांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. २०२० मध्ये महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२० च्याच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस केली आहे. पोशीरसारख्या भागात घरची भाषा म्हणजे कोणती, हे ठरवायचे तर आधी त्या बोलींचे कोश, व्याकरणे आणि त्या बोलणाऱ्यांतून तयार झालेले शिक्षक लागतील. १८४६ साली मुंबईच्या नॉर्मल क्लासपुढे मराठीसाठी नेमका हाच प्रश्न होता.