गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६ – १७ जून १८९५) हे मराठी पत्रकार, शिक्षणतज्ज्ञ व बुद्धिप्रामाण्यवादी समाजसुधारक होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते इतिहास, तर्कशास्त्र व नीतिशास्त्र हे विषय शिकवीत. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील या दोन शास्त्रांचा उपयोग त्यांनी हिंदू समाजातील रूढींच्या परीक्षणासाठी केला.

जीवन

आगरकरांचा जन्म सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या गावी गरीब कुटुंबात झाला. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी व अकोला अशी भटकंती करावी लागली. अकोल्याहून १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे जॉन स्टुअर्ट मिल व हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या विचारांवर खोल प्रभाव पडला. १८७८ साली ते बी.ए. झाले व पुढे त्यांनी एम.ए. पदवी मिळवली. सरकारी नोकरीची संधी असतानाही त्यांनी अल्प वेतनावर शिक्षणकार्य पत्करले आणि आपला निर्णय आईला पत्राने कळवला.

१८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक होते. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ साली त्यांना व लोकमान्य टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सामाजिक सुधारणेविषयी मतभेद झाल्याने आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला व १८८८ साली 'सुधारक' हे पत्र काढले.

अध्यापन

डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन केले. वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर त्याचे प्राचार्य झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

तर्कशास्त्रात दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढण्याची रीत, म्हणजे निगमन, आणि अनुभवलेल्या उदाहरणांवरून सामान्य नियम शोधण्याची रीत, म्हणजे विगमन, यांचा अभ्यास होतो. मिल यांच्या १८४३ सालच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विगमनाला विशेष महत्त्व आहे. नीतिशास्त्र कृत्य योग्य की अयोग्य हे ठरविण्याच्या कसोट्यांचा विचार करते.

विचार

एखादी चाल प्राचीन आहे किंवा शास्त्रात सांगितलेली आहे, एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही, अशी आगरकरांची भूमिका होती. रूढी कोणत्या कारणाने निर्माण झाली, ते कारण आज उरले आहे काय आणि तिच्यामुळे माणसाचे सुख वाढते की दुःख, असे प्रश्न ते विचारीत. नीतीला ईश्वराच्या किंवा धर्मग्रंथाच्या आधाराची आवश्यकता नाही, असे त्यांचे मत होते. ईश्वराविषयी ते अज्ञेयवादी होते. याच पद्धतीने त्यांनी बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे व प्रेतसंस्कार यांची चिकित्सा केली. मुलामुलींना एकच शिक्षण एकत्र द्यावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्यालाही त्यांचा पाठिंबा होता.

या लेखनामुळे पुण्यातील सनातनी मंडळी संतापली. आगरकर जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. तरीही त्यांनी लेखन व अध्यापन थांबवले नाही. दम्याच्या विकाराने ते दीर्घकाळ त्रस्त होते. वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ग्रंथसंपदा

'विकारविलसित' (शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर), 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' व 'वाक्यमीमांसा' ही त्यांची पुस्तके आहेत. 'केसरी' व 'सुधारक' यांतील त्यांचे निबंध पुढे संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले.